काकींच्या नावाचा चक्का

आये,

तुझा चक्का आता दुकानात मिळतो. एवढीशी प्लास्टिकची डबी, वर चकचकीत झाकण आणि नाव काय, तर ग्रीक योगर्ट. माझी नात कॉलेजसाठी माझ्याकडे दादरला राहते, ती रोज एक डबी संपवते आणि मला शिकवते, की आजी, ह्यात प्रोटीन किती असतं ठाऊक आहे का तुला. मला! काय खा आणि काय नको हे पेशंटांना सांगण्यात जिचा जन्म गेला, इस्पितळातली आहारतज्ज्ञ म्हणून जी रिटायर झाली, तिला. मी नुसती मान हलवते. परवा चष्मा लावून त्या डबीवरचं सगळं वाचून काढलं. दूध आणि विरजण, बाकी काही नाही. दूध तापवायचं, कोमट करायचं, विरजायचं आणि लागलेल्या दह्यातलं पाणी निथळू द्यायचं. आपण त्यात साखर नि वेलची घोटून श्रीखंड करतो, ते लोक तसंच खातात, एवढाच काय तो फरक.

सकाळपासून मी तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले. एकदा गॅस बंद आहे का ते बघायला, दोनदा उगीचच. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बूड टेकव की जरा, वारं भरलंय का अंगात?" टेकवते आता. पण सांगायचं आहे ते सरळ सांगता येत नाही म्हणून आधी चक्क्याचंच सांगते, तुला ते माझ्याहून बरं येत असलं तरी.

वरळीच्या चाळीतली आपली एक खोली मला दिसते आहे. तू चुलीवरून दूध उतरवतेस आणि त्यात बोट घालत नाहीस, पातेल्याला बाहेरून मनगट लावून बघतेस. मनगटाला ऊब लागली पाहिजे, चटका नाही. मग विरजण, चमच्याच्या टोकावर मावेल एवढंच. सकाळी घट्ट लागलेलं दही तू आबांच्या जुन्या पंच्यात ओततेस, गाठ मारतेस आणि खिडकीजवळच्या खिळ्याला टांगतेस. खाली जर्मनची थाळी. दिवसभर खोलीत टप टप आवाज असतो आणि त्या आवाजात मी पाढे पाठ करते. उन्हाळ्यात तू पंच्याला वरून ओलं फडकं गुंडाळायचीस, नाहीतर चक्का आंबट होतो. ते दाबून लवकर पाणी काढू का म्हणून मी एकदा विचारलं तर ओरडलीस, "दाबू नगस, त्याचं त्याला सुटू दे."

हे तुला कुणी शिकवलं नव्हतं. लग्नाआधी तू तबेल्यात शेण भरायला जायचीस. शेणाला तुझा हात चालायचा, दुधाला चालत नव्हता. मालकाची आई ओट्यावर बसून सणासुदीचा चक्का टांगायची आणि तू पाटी भरता भरता लांबून बघून घ्यायचीस. बघून घेतलेलं सगळं तू लग्नानंतर स्वतःच्या चुलीवर करून पाहिलंस. पहिलं विरजण समोरच्या चाळीतल्या काकींनी दिलं होतं. काकी मालवणच्या, नवरा गिरणीत, आणि मनाने फार चांगल्या. पण विरजण द्यायच्या ते वरून, तुझ्या वाटीला त्यांची वाटी न लावता. तूही वाटी खाली धरायचीस, आणि दोघी त्या वेळी गप्पा मारत असायच्या, जशी काही ही वाटी धरायची जगातली एकच रीत आहे.

थाळीतलं पाणी तू कधी फेकलं नाहीस. त्यात भाकरीचं पीठ मळायचीस, उरलं तर मीठ घालून आम्हाला प्यायला द्यायचीस. मी तोंड वाकडं करायचे. चांगलं ते दुसऱ्यांना आणि पाणी तेवढं आम्हाला, असं मला वाटायचं. पुढे शिकले तेव्हा कळलं, की दुधातली साखर बरीचशी त्या पाण्यातून निघून जाते, म्हणून ज्यांना दूध पचत नाही त्यांनाही चक्का पचतो. प्रथिनं मागे राहतात, दाट होतात, थोडं खाल्लं तरी पोटाला आधार राहतो, आणि आजारातून उठलेल्या माणसाच्या अंगावर मांस चढतं. थोडं कॅल्शियम आणि थोडी प्रथिनं पाण्यातून जातात खरी, पण ती तर तू आमच्या पोटात घालत होतीस. कॉलेजात बाकावर बसून हे लिहून घेताना मला तुझ्या थाळीचा आवाज ऐकू येत होता आणि मी शेजारणीला एका शब्दाने बोलले नाही.

बघ, इथेही मी बोलले नाही. तर आता बाईंचं सांगते.

आमच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेतल्या बाई तुला आठवत असणारच. त्यांनीच मला स्कॉलरशिपला बसवायचं ठरवलं होतं आणि शाळा सुटल्यावर स्वतः शिकवत होत्या. मग त्यांना टायफॉइड झाला. दोन महिन्यांनी परत आल्या तेव्हा खुर्चीचा हात धरून बसत होत्या. डॉक्टरांनी दूध प्या म्हणून सांगितलेलं आणि दुधाने त्यांचं पोट फुगायचं. मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा तू भाकरी थापत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "दूध न्हाय पचत तर चक्का खावा म्हनावं. मी करते की." दुसऱ्या दिवशी तू कडीचा डबा राखेने तीनदा घासलास. तीनदा. मी मोजलं, कारण आपल्या घरासाठी तू एकदाच घासायचीस.

डबा घेऊन मी चालत दादरला गेले. दार बाईंच्या सासूबाईंनी उघडलं. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू. डब्याकडे बघून त्यांनी विचारलं, "कुणाकडचं गं हे?"

एवढंच विचारलं, आये. रागाने नाही, संशयाने नाही. कुणीही विचारतं तसं. आणि माझ्या तोंडून निघालं, "आमच्या समोरच्या काकींनी दिलंय. मालवणच्या आहेत."

मी ठरवून नव्हते बोलले. पण मला तेवढी अक्कल होती, हेही खरं. आबा गिरणीत सुताच्या रिंगखात्यात का आहेत आणि कापड विणायच्या साच्यावर का नाहीत, हे मला ठाऊक होतं. साच्यावर धोट्यातला धागा तोंडाने ओढून काढावा लागे, म्हणून तिथे आपल्या माणसाला उभं करत नसत. तोंडात जाणाऱ्या वस्तूला आपला हात चालत नाही, हे शाळेत न जाताही शिकता येत होतं. त्याच वर्षी आबांनी दीक्षा घेतली होती, देव्हारा निघाला होता आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर आली होती. आबा म्हणाले होते, "आजपासनं मान खाली घालायची न्हाय." मी मान खाली घातलीच नाही. ताठ मानेने खोटं बोलले. आणि स्वतःला समजावलं, की मूळ विरजण तर काकींचंच होतं ना, मग चक्का काकींचाच झाला. किती हुशार होते बघ मी, स्कॉलरशिप उगीच नाही मिळाली.

एका दिवसाचं खोटं एका दिवसात संपतं असं मला वाटलं होतं. पण चक्का बाईंना मानवला. त्यांनी निरोप पाठवला, आणखी मिळेल का. मग एक दिवसाआड डबा जाऊ लागला. बाई वर्गात हळूच मला जवळ बोलावून म्हणायच्या, "तुमच्या काकींना सांग, त्यांच्या हाताला चव आहे हो." तू दारातच वाट बघत असायचीस. "काय म्हनल्या बाई?" मी म्हणायचे, "हाताला चव आहे म्हणाल्या." तू पदर तोंडाला लावून हसायचीस. शब्द बाईंचेच होते, मी त्यातलं फक्त एक नाव गाळत होते. तुला मिळाला तो आनंद खरा की खोटा, ह्याचा हिशेब मला आजवर लागलेला नाही.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. रोज कुठे ना कुठे सभा, मोर्चा, हरताळ. आबा आणि काकींचे यजमान खांद्याला खांदा लावून घोषणा देत जायचे आणि म्हणे एकाच कळशीतलं पाणी प्यायचे. बाईसुद्धा छातीवर बिल्ला लावून शाळेत यायच्या. त्या एका हरताळाच्या दिवशी दूध आलंच नाही. आबा म्हणाले, आज राहू दे. तू म्हणालीस, "पोरीच्या बाई आत्ताशी कुठं उभ्या ऱ्हायल्यात," आणि किटली घेऊन तबेल्याकडे निघालीस. परत आलीस तेव्हा तुझे डोळे लालभडक, पाणी गळतंय, खोकून खोकून जीव अर्धा झालेला. नाक्यावर अश्रुधूर सोडला होता. किटली मात्र पदराखाली झाकलेली, त्यातला थेंबही सांडला नव्हता. मी ओलं फडकं तुझ्या डोळ्यांवर धरलं होतं आणि तेव्हा सांगावंसं वाटलं होतं. अगदी ओठावर आलं होतं. तू म्हणालीस, "आधी दूध तापत ठेव." मी दूध तापत ठेवलं.

थांब, मी जरा पाणी पिऊन येते.

मग बाई स्वतःच आल्या. रविवार होता. मी नळावर होते, तू जिन्यात कपडे घेऊन. बाईंच्या हातात एक पुडकं. मला बघून हसल्या आणि म्हणाल्या, "चल, तुझ्या काकींचं घर दाखव. एवढे दिवस खाऊ घातलं त्यांनी, तोंडाने आभार तरी मानू दे." मी कळशी नळाखालीच सोडून पुढे चालू लागले. काकींच्या दारात बाईंनी नमस्कार केला, पुडक्यातला हिरवा खण काढून पुढे धरला आणि म्हणाल्या, "तुमच्या चक्क्याने मला उभं केलं हो."

काकी खणाकडे बघतात, बाईंकडे बघतात. "माझो चक्को? अगो बाय, माका खंय चक्को करूक येता?"

तू माझ्या मागून आलीस. खांद्यावर ओले कपडे. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. काकींना म्हणालीस, "घ्या की काकी. पोरीच्या हातनं तुम्हीच न्हाय का धाडत डबा? इसरला काय?" काकींनी तुझ्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या. त्यांना सगळं कळलं असणार, कारण त्यांनी खण घेतला तो दोन्ही हातांनी, जड वस्तू घ्यावी तसा.

तिथेच संपलं असतं तर मी कदाचित विसरले असते. पण बाई तुझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही हिच्या आई ना? पाणी द्याल का घोटभर? चालून दमले." आणि आपल्या खोलीत आल्या. मी पुढे होऊन दार अडवणार होते. खिळ्याला चक्का टांगलेला होता. खाली थाळी, टप टप चालू. बाई चटईवर बसल्या. बुद्धाची तसबीर बघितली, चक्का बघितला, पाण्याचा तांब्या तुझ्या हातातून घेतला आणि सगळा तांब्या प्यायल्या. वरून नाही, तोंड लावून. मग पदराने ओठ टिपून म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे तुमची. उद्यापासून अभ्यासाला माझ्या घरी पाठवा." गेल्या.

म्हणजे मी ज्याला घाबरले ते नव्हतंच तिथे. निदान बाईंच्या ठायी नव्हतं. सासूबाईंचं मला आजही माहीत नाही. मी कुणाचा अपमान जास्त केला, तुझा की बाईंचा, ह्यावर इतकी वर्षं मी स्वतःशी भांडते आहे. काकी त्या संध्याकाळी आल्या, पहिल्यांदाच आपल्या खोलीत चटईवर बसल्या आणि खण तुझ्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "हो खण तुझो. माका नको." तू तो परत त्यांच्या ओटीत घातलास. "बाईंनी तुमाला दिलाय," म्हणालीस. आबांना तू काही सांगितलं नाहीस. मी जेवताना, झोपताना, उठताना तुझ्या बोलण्याची वाट बघत होते. एक थोबाडीत मारली असतीस तर मोकळी झाले असते.

सकाळी तू डबा भरलास. झाकण लावलंस. माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, "आजबी काकीच म्हन. आता शबुद फिरवू नगस, बाईस्नी वाईट वाटंल."

मी गेले. बाईंनी स्वतः दार उघडलं, डबा घेतला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटतं त्या मला एक संधी देत होत्या. मी म्हटलं, "काकींनी दिलाय." बाई म्हणाल्या, "हो का." त्यानंतर त्यांनी काकींना निरोप कधीच पाठवला नाही. आणि तू दारात उभी राहून काय म्हनल्या बाई, असं कधीच विचारलं नाहीस. पण डबा बंद केला नाहीस, त्यांना पूर्ण बरं वाटेपर्यंत.

तू गेलीस त्यालाही आता किती वर्षं झाली. शेवटच्या आजारात तुला काही पचेना तेव्हा मी तुझ्यासाठी चक्का टांगला होता. दोन चमचे खाल्लेस आणि म्हणालीस, "झाक झालाय." मी तेव्हा तरी बोलायला हवं होतं. खोलीत आपण दोघीच होतो. मी काय म्हटलं, तर "अजून एक चमचा खा, अंगात ताकद येईल." आहारतज्ज्ञ ना मी.

आता खरं ते लिहिते. मागच्या महिन्यात सोसायटीतल्या बायकांनी माझं भाषण ठेवलं, ग्रीक योगर्ट घरी कसं करावं म्हणून. मी मनगटाने ऊब कशी बघायची ते दाखवलं, पंचा टांगला, ते पाणी फेकू नका, त्यात कणीक भिजवा म्हणून सांगितलं. बायका खूश. एकीने विचारलं, "किती सुरेख सांगता हो! कुणाकडून शिकलात?" मी म्हटलं, "आईकडून." इथवर आले, आये. इतक्या वर्षांनी चारचौघांत इथवर आले. मग तिने विचारलं, "कुठल्या हो आई तुमच्या?"

मी लग्न केलं ते जातीबाहेर. तुझा जावई तर तुझ्या पाया पडायचा, त्याचा दोष नाही. पण त्याच्या आडनावाआड मी जी बसले ती बसलेच. लेकाला सगळं ठाऊक आहे, फक्त आमच्या घरात तो विषय कुणी काढत नाही. त्या बाईने विचारलं तेव्हा मला आता कसली भीती होती? ह्या वयात माझं कोण काय वाकडं करणार? तरी तोंडातून निघालं, "मालवणच्या." वर हसून सांगितलं, की आमच्याकडे पाडव्याला चक्का टांगायची पद्धतच होती.

नात पहिल्या रांगेत होती. आता ती मैत्रिणींना सांगते, माझी पणजी मालवणची, ती घरीच ग्रीक योगर्ट करायची. काल तिने विचारलं, आजी, मालवणात पणजीचं घर कुठे होतं, मे महिन्यात जाऊन येऊया का. मी म्हटलं, बघू.

बाईंना फसवलं तेव्हा तू मला झाकलंस. आता झाकायला कुणी नाही, आणि तुला तुझ्या पणतीपासून मीच तोडते आहे. मला ह्याची लाज वाटते. ह्या पत्रात दुसरं काही नाही, हेच आहे. तुला हे पोचणार नाही म्हणूनच मी ते तुला लिहू शकले. जिला पोचेल ती शेजारच्या खोलीत अभ्यास करत बसली आहे, दार उघडं आहे, आणि तिला हाक मारायला मला अजून जमलेलं नाही.